जीर्णोद्धाराचे सौंदर्य

आपल्याकडील सौंदर्यविचाराला एक जुनी खोड आहे. काव्य, नाटक, शिल्प, संगीत यांपाशी तो मनसोक्त रमतो. परंतु माणसाने नित्याच्या वापरासाठी घडविलेल्या वस्तूंकडे वळताच त्याची जीभ अडखळते. समई, पैठणी किंवा अडकित्ता यांना जुनेपणाच्या पुण्याईने आत प्रवेश मिळतो. यंत्राला मात्र दाराबाहेरच ताटकळावे लागते. वस्तुतः विसाव्या शतकातील कोट्यवधी सामान्य माणसांनी आकाराचे सौंदर्य अनुभवले ते चित्रशाळेत नव्हे, तर रस्त्यावर, आणि त्यातही मोटारीच्या रूपाने. पाश्चात्य समीक्षकांनी ही गोष्ट वेळीच ओळखली होती. ल कॉर्बुझिए याने १९२३ मध्येच आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात पार्थेनॉनच्या शेजारी मोटारींची चित्रे छापली. रोलाँ बार्त याने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात नव्या सित्रोएन गाडीचा विचार करताना मध्ययुगीन कॅथीड्रलांची आठवण काढली. तेव्हा एका मोटारीचे रसग्रहण येथे मांडले, तर रसिकांनी त्यास अव्यापारेषु व्यापार समजू नये.

विवेचनासाठी मी १९५९ ची कॅडिलॅक घेतो. त्यातही तिचा ‘एल्डोराडो बिआरिट्झ’ हा उघड्या टपाचा अवतार. अशा अवघ्या १,३२० गाड्या त्या वर्षी निघाल्या. किंमत ७,४०१ डॉलर, म्हणजे त्या काळी अमेरिकेतही सुखवस्तू माणसाच्याच आवाक्यातली. लांबी २२५ इंच, म्हणजे पावणेएकोणीस फूट. आपल्यापैकी बहुतेकांच्या सरकारी निवासस्थानातील बैठकीच्या खोलीत ती मावावयाची नाही. आज जगात ज्या काही शिल्लक आहेत, त्यांतील बहुतेकांचा एकदा तरी जीर्णोद्धार झालेला आहे. खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. अशी एखादी लखलखीत गाडी पाहून प्रेक्षक क्षणभर थबकतो, तेव्हा त्याला मोहविते ते काय? डेट्रॉइटच्या मूळ रचनाकाराची कल्पना, की साठ वर्षांनंतर तिला पुन्हा उभी करणाऱ्या कारागिराची निष्ठा? या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे या विषयावरील बरेचसे लेखन नुसते उसासे टाकत राहते.

१

प्रथम आकाराविषयी. कै. बा. सी. मर्ढेकर यांनी कलाकृतीच्या घाटाचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांचा आधार घेतला. आकाशवाणीच्या नोकरीत दिल्लीस असतानाच १९५६ मध्ये ते निवर्तले. ही गाडी त्यांनी पाहिली असण्याचा संभव नाही. परंतु त्यांचे माप तिला लावून पाहावयास हरकत नाही.

पुढच्या जोडदिव्यांपासून निघालेली एक रेषा दारांवरून जवळजवळ सरळ मागे जाते आणि शेवटी एकाएकी वर उसळते. ती उसळी म्हणजेच या गाडीची सुप्रसिद्ध फिन, माशाच्या परासारखा उभा पत्रा. आडव्या रेषेचा दीर्घ संवाद आणि अखेरीस उभ्या रेषेचा विरोध, अशी ही योजना आहे. प्रत्येक फिनच्या मध्यावर बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते दोन लाल दिवे जडविलेले आहेत. जेट विमानाच्या नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या ज्वाळेचा आभास त्यांनी निर्माण व्हावा, हा हेतू उघड आहे.

आता एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हीच फिन टपबंद गाडीवरही होती. पण तेथे छपराचा घुमट मध्ये येतो आणि फिनशी झगडतो. डोळ्याला कोठे थांबावे ते कळत नाही. टप खाली उतरविला की मधली उंची नाहीशी होते. पुढे दोन्ही बाजूंस वळलेली काच, मागे दोन फिना, आणि दोहोंच्या मध्ये मोकळी जागा, असा समतोल साधला जातो. शिवाय ती मोकळी जागा माणसांनी भरून काढावयाची असते. गाडीत कोणी बसलेले नसेल तर तिचा आकार अपुरा वाटतो. माणसावाचून पुरे न होणारे शिल्प, असे तिचे वर्णन करता येईल. आणि माझ्या मते उघड्या टपाच्या गाडीला टपबंद बहिणीपेक्षा अधिक भाव मिळतो, त्याचे एक कारण या घाटात आहे.

तथापि ही रचना निर्दोष आहे, असे कोणी म्हणू नये. पुढच्या जाळीवर जी बारीक चमकदार नक्षी आहे, तिचीच पुनरुक्ती मागच्या बाजूसही केलेली आहे. पुढच्या जाळीतून इंजिनाला वारा मिळतो. मागच्या जाळीमागे इंजिन नाही, आणि तिला काही कामही नाही. क्षेमेंद्राने औचित्याची जी कसोटी सांगितली, तिला ही जाळी उतरत नाही. गळ्यातला हार कमरेला बांधल्यासारखा हा प्रकार आहे. रेमंड लोवी या नामवंत रचनाकाराने १९५५ मध्येच अमेरिकन मोटारींच्या अशा चमचमाटावर कडक टीका केली होती. ती अनाठायी नव्हती.

२

या अलंकारांचे मूळ कशात होते, हे पाहिल्यावाचून त्यांचे मोल ठरविता येणार नाही. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ले अर्ल या गृहस्थांस नेमून मोटारींच्या रूपासाठी एक स्वतंत्र विभागच उघडला. गाडी अधिक लांब आणि अधिक बुटकी दिसावी, हा अर्ल यांचा आयुष्यभराचा ध्यास. १९४१ मध्ये डेट्रॉइटजवळच्या सेलफ्रिज विमानतळावर त्यांच्या मंडळींना लॉकहीडचे पी-३८ हे दुहेरी शेपटाचे लढाऊ विमान पाहावयास मिळाले. युद्ध संपले, आणि १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या दिव्यांवर त्या शेपटाची लहानशी आठवण उगवली. पुढे स्पर्धा सुरू झाली. क्रायस्लर कंपनीच्या व्हर्जिल एक्सनर यांनी १९५७ च्या गाड्यांना ताठ, उंच फिना दिल्या, आणि त्यांना मागे टाकावयाचे म्हणून १९५९ ची ही कॅडिलॅक जन्मास आली. लगेच पुढच्या वर्षी फिना ठेंगण्या झाल्या, आणि १९६५ पर्यंत त्या जवळजवळ लोपल्या.

हे सारे चढउतार कलेच्या आंतरिक गरजेतून झाले नाहीत. कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांच्या काळापासून तेथे वार्षिक नव्या रूपाची प्रथा रुजली होती. गेल्या वर्षीची गाडी चालण्यास उत्तम असली तरी दिसण्यास शिळी वाटली पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते. व्हान्स पॅकार्ड यांनी १९६० च्या ‘द वेस्ट मेकर्स’ या पुस्तकात या नीतीचे वाभाडे काढले. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये मोटारींच्या सुरक्षिततेवर लिहिताना, याच टोकदार फिनांनी रस्त्यावरील माणसांना झालेल्या इजांची नोंद केली. रॉबर्ट लोवेल या कवीच्या १९६० सालच्या ‘फॉर द युनियन डेड’ या कवितेत फिनांच्या मोटारी अखेरीस येतात, त्या एका समाजाच्या नैतिक घसरणीची खूण म्हणून.

याच्या उलट बाजू मांडणारा समीक्षक म्हणजे इंग्लंडचा रेनर बॅनहॅम. १९५५ च्या एका निबंधात त्याने म्हटले ते थोडक्यात असे : मोटारीच्या रूपाला पार्थेनॉनची कसोटी लावणेच चूक आहे. ते लोककलेचे अंग आहे, आजच्या इच्छेला आजच उत्तर देणारे. ते टिकाऊ नाही हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. तमाशातील प्रसंगोचित बतावणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा मुद्दा पटण्यास कठीण जाऊ नये. बतावणी त्या रात्रीची असते. ती दुसऱ्या दिवशी कोणी छापून ठेवीत नाही, म्हणून ती हिणकस ठरत नाही.

मला बॅनहॅमचे म्हणणे मान्य आहे. पण ते मान्य केले की एक विलक्षण पेच समोर येतो. जी वस्तू वर्षभरात शिळी व्हावी म्हणूनच घडविली, तीच जर कोणी साठ वर्षे ताजी ठेवीत असेल, तर तो त्या वस्तूचा आदर करतो, की तिचा स्वभावच बदलतो? या पेचाकडे येण्यापूर्वी तिच्या उघडेपणाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे.

३

वाहनाचा उघडेपणा हा आपल्याला परका नाही. आपल्याकडे मेणा आणि पालखी असे दोन प्रकार होते. मेण्यात बसणारा जगापासून झाकलेला, पालखीत बसणारा जगाला दिसणारा. कन्व्हर्टिबल गाडीचे वैशिष्ट्य असे की ती इच्छेनुसार मेणाही होते आणि पालखीही. कळ दाबावी, टप घडी होऊन मागे जावा, आणि आतील माणूस एकदम चारचौघांत यावा. या स्थित्यंतरातच तिची खरी जादू आहे. मोकळा वारा तर साध्या छकड्यातही मिळतो.

या मोकळेपणाची किंमतही मोजावी लागते. छप्पर हा गाडीच्या सांगाड्याचा एक आधार असतो. तो काढला की सांगाडा खाली अधिक पोलाद घालून बळकट करावा लागतो. टप कापडाचा झाला म्हणून गाडी हलकी होत नाही, उलट जडच होते. बिआरिट्झचे वजन सव्वादोन टनांच्या घरात जाते, आणि ते ओढण्यासाठी ३४५ अश्वशक्तीचे, आठ सिलिंडरांचे इंजिन लागते. डोळ्यांना जे हलके, उडते भासते, त्याच्या पोटात केवढे ओझे आहे, हे जाणून पाहिले म्हणजे आस्वाद कमी होत नाही, प्रौढ होतो.

विक्रीशास्त्राने हा मोह फार पूर्वी हेरला होता. अर्नेस्ट डिश्टर या मानसशास्त्रज्ञाने क्रायस्लरसाठी केलेल्या पाहणीचा वृत्तांत पॅकार्ड यांनी १९५७ च्या ‘द हिडन पर्सुएडर्स’ या ग्रंथात दिला आहे. दुकानाच्या दर्शनी काचेत उघडी गाडी मांडली की पुरुष आत येत. खरेदी मात्र टपबंद, चार दारांच्या गाडीची करीत. डिश्टरच्या मते उघडी गाडी प्रेयसीच्या ठिकाणी होती आणि टपबंद गाडी पत्नीच्या. उपमा त्या काळाच्या पुरुषी समजुतीची आहे. तरी तिच्यात एक सत्य दडलेले आहे. कन्व्हर्टिबल ही बहुसंख्यांच्या बाबतीत न घेतलेली गाडी होती. जीर्णोद्धार करणारा वृद्ध अमेरिकन पुष्कळदा आपली हरवलेली गाडी परत मिळवीत नसतो. जी कधी घेतलीच नाही ती मिळवीत असतो. ज्याला आपण गतकाळाची ओढ म्हणतो, तिच्यात न घडलेल्या गतकाळाचा वाटा बराच मोठा असतो.

तो उघडेपणा नंतर आटला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लस येथे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला, तो उघड्या लिंकन मोटारीत. तीच गाडी पुढे चिलखती करून तिच्यावर कायमचे छप्पर बसविण्यात आले, आणि ती १९७७ पर्यंत सेवेत राहिली. सामान्य ग्राहकाचा निरोप अधिक साधा होता : वातानुकूलन आले, महामार्गांवरचा वेग वाढला, गाडी उलटली तर काय होईल ही चिंता वाढली. १९७६ मध्ये कॅडिलॅकने आपली अखेरची म्हणून उघडी एल्डोराडो बाहेर काढली. पुढे १९८२ मध्ये क्रायस्लरने हा प्रकार पुन्हा आणला, पण मधल्या खंडाने जुन्या गाडीला स्मारकाची कळा येऊन गेली होती.

४

आता मूळ पेच. जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांच्या संदर्भात वापरतो, आणि त्यात काय काय अनर्थ घडतात हेही जाणतो. काळ्या पाषाणाच्या प्राचीन देवळावर श्रद्धेने ऑइलपेंटचे थर चढविलेले कोणी पाहिले नाहीत? मोटारींच्या जगातही हेच घडते. आजच्या कारागिराने चढविलेला रंग कारखान्यातील मूळ रंगापेक्षा खोल असतो, क्रोम अधिक झळकते, दारांच्या फटी अधिक सारख्या असतात. १९५९ मध्ये अशी गाडी कोणत्याही दुकानात नव्हती. ती जुन्या गाडीची प्रत नसून, जुन्या गाडीविषयीच्या आपल्या समजुतीची प्रत आहे.

दोन उदाहरणे देतो. एल्विस प्रेस्लीची विख्यात गुलाबी कॅडिलॅक १९५५ सालची, टपबंद आणि चार दारांची. लोकांच्या मनात मात्र गुलाबी कॅडिलॅक म्हटली की उभी राहते ती १९५९ ची, उघडी आणि फिनांची. या समजुतीपोटी मूळच्या निराळ्या रंगाच्या गाडीला कोणी गुलाबी करून घेतले, तर तो इतिहासाला स्मृतीच्या रंगाने रंगवितो. दुसरे उदाहरण अधिक बिकट. बिआरिट्झला स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर तोलण्याची व्यवस्था होती. ती गळू लागे, आणि गाडी उभ्या उभ्या खाली बसे. त्यामुळे पुष्कळ मालकांनी ती काढून साध्या पोलादी स्प्रिंगा बसविल्या. जीर्णोद्धारात काय करावे? गळके पण अस्सल ते परत आणावे, की टिकाऊ पण परके ते राहू द्यावे?

हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. ज्ञानेश्वरी रचली गेल्यानंतर तीनशे वर्षांत तिच्या पोथ्यांत अपपाठ शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ती शुद्ध केली, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये असे बजावून ठेवले. स्वतः एवढा समर्थ कवी असूनही त्यांनी तेथे आपले कवित्व मिरविले नाही. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक निराळी पोथी छापली, आणि शुद्ध केलेला पाठ व न शिवलेला पाठ यांचा वाद उभा राहिला. पाठशुद्धी करणाऱ्याने स्वतःला किती पुसावे आणि हाती आलेल्या वस्तूतले किती राहू द्यावे, हा दोन्हीकडे एकच प्रश्न आहे. ग्रंथ आणि मोटार यांत अंतर फार. परंतु जपणाऱ्याची नीती तीच.

अमेरिकेतील रसिकही हळूहळू याच विचारापाशी आले, ही समाधानाची गोष्ट. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून मोटारींच्या सौंदर्याची स्पर्धा भरते. १९५५ मध्ये तेथील सर्वोच्च मान १९३१ च्या एका जीर्णोद्धारित पिअर्स-ॲरो गाडीला मिळाला. तिचे मालक फिल हिल पुढे १९६१ मध्ये मोटार-शर्यतींचे जगज्जेते झाले. तेव्हापासून लखलखीतपणाचे युग सुरू झाले. २००१ मध्ये मात्र तेथे न शिवलेल्या, काळाचे ओरखडे अंगावर वागविणाऱ्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आला; आणि २०२४ मध्ये प्रथमच अशा गाडीने, १९३४ च्या एका बुगाटीने, सर्वोच्च मान मिळविला. सुरकुतीलाही सौंदर्य म्हणावयास त्या पंचांना चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला टेक्सासमधील अमारिलो गाव आहे. तेथे १९७४ मध्ये ‘अँट फार्म’ या कलावंतांच्या गटाने १९४९ ते १९६३ या काळातील दहा कॅडिलॅक गाड्या शेतात नाकावर अर्ध्या पुरून ठेवल्या. फिनांचा उदय आणि अस्त एका ओळीत आकाशाकडे तोंड करून उभा आहे. येणारे-जाणारे त्यांवर रंग फवारतात, गंज आपले काम करतो, आणि कोणी अडवीत नाही. बॅनहॅमच्या सिद्धांताला याहून प्रामाणिक स्मारक मिळणे कठीण.

५

मग जीर्णोद्धारित गाडीचे समर्थन कसे करावयाचे? मला वाटते, वाहन चालले पाहिजे, या एकाच कसोटीवर. पेबल बीचच्या स्पर्धेतही १९९८ पासून आदल्या दिवसांत रस्त्यावरील फेरी ठेवलेली असते, आणि एखाद्या वर्गात दोन गाड्यांचे गुण समान झाले तर फेरी पुरी करणारीला झुकते माप मिळते. हा नियम करणाऱ्याला वस्तूचे मर्म कळले होते. दुसऱ्या वाहनावर लादून प्रदर्शनात न्यावयाची, झाकून परत आणावयाची, अशी गाडी कितीही निर्मळ असली तरी ती मोटार उरत नाही. देवघरातील टाक होते.

आपल्याकडे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली होती, म्हणून पूर्वीच्या अमेरिकन गाड्या येथे पुष्कळ दिसत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली. दिल्लीत ‘स्टेट्समन’ पत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींची फेरी सुरू केली, तीमुळे येथील मराठी मंडळींनाही हे रूप जवळून पाहता आले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही त्यांतील अट. आणि नित्याच्या वापरासाठी ते रस्त्यावर आणू नये, ही दुसरी. दिवसभर नियमांच्या भाषेत वावरणाऱ्यांना या दोन अटींतील ताण सहज उमगेल. वाहनाचे मूळ स्वरूप जर चालणे हेच असेल, तर पहिली अट दुसरीने थोडी का होईना, मोडतेच. नियमाला सुरक्षितता आणि धूर यांचा विचार करावा लागतो, हे मान्य. सौंदर्यविचाराने मात्र ही उणीव नोंदवून ठेवली पाहिजे.

बृहन्महाराष्ट्रातील आपणां सर्वांना हा विचार आणखी एका अंगाने लागू पडतो. परमुलखात आपण आपली भाषा फार शुद्ध, फार लखलखीत ठेवतो, आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत ती बाहेर काढून मिरवितो. मुले टाळ्या घेतात. मग वर्षभर ती झाकलेली असते. तिच्यावर बाजाराचे, भांडणाचे, शेजारच्या भाषांचे ओरखडे उमटू द्यावयास आपण भितो. जी भाषा रोज वापरली जाते तिला ओरखडे पडणारच, आणि ती वापरात आहे याचा तोच पुरावा असतो.

शेवटी निर्णय द्यावयाचा तर तो असा. १९५९ च्या त्या गाडीचा पहिला कर्ता अलंकाराच्या हौसेने वाहवलेला, आणि आपली कृती विसरली जावी अशाच धंद्याचा चाकर होता. तरीही उघड्या टपाने तिला एक समतोल दिला, आणि त्या समतोलात माणसासाठी जागा ठेवली. तिच्या दुसऱ्या कर्त्याने, म्हणजे जीर्णोद्धार करणाऱ्याने, ती जागा रिकामी ठेवू नये. रंग थोडा कमी झळकला तरी चालेल, मागच्या निरर्थक जाळीचा एखादा दाणा हरवला तरी चालेल. टप उतरवावा, चार माणसे बसवावीत, आणि ऊन उतरल्यावर गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला लावावी. हवेचे फुगे गळके असले, तर परतताना ती थोडी खाली बसलेली असेल. तेवढे मूळ पाठाला धरूनच होईल.